दोन भावांच्या भांडणातला तिसरा

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र टांगलेलं असतं. ते लिंकनने लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही. असो, मजकूर चांगला आहे, मुलांनी वाचला तर बिघडत काही नाही. लिंकनने खरोखर लिहिलेलं एक पत्र मात्र कुठल्याच शाळेत लागणार नाही. २२ ऑगस्ट १८६२ चं, 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चा संपादक होरेस ग्रीली याला लिहिलेलं. त्यात राष्ट्राध्यक्ष स्वच्छ सांगतो की, संघराज्य वाचवणं हा माझा हेतू आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते वाचत असेल तर मी तसं करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन, आणि काहींना सोडून काहींना तसंच ठेवून वाचत असेल तर तेही करीन.

हे पत्र पहिल्यांदा वाचणाऱ्याचा हिरमोड होतो. गुलामांचा तारणहार म्हणून ज्याची गोष्ट ऐकली तो इतका हिशेबी? मग पुढची उडी ठरलेली असते. म्हणजे अमेरिकेतलं ते यादवी युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच; उत्तर आणि दक्षिण यांच्यातला जकातीचा, राज्यांच्या अधिकारांचा, दोन जीवनपद्धतींचा झगडा होता; थोडक्यात, एका घरातल्या दोन भावांची भाऊबंदकी. चार पुस्तकं वाचलेला माणूस हे ऐकवतो तेव्हा त्याला आपण शाळेतल्या भाबड्या गोष्टीच्या पलीकडे गेलो असं वाटत असतं. माझं म्हणणं असं की शाळेतली गोष्ट अर्धवट आहे, पण ही दुसरी गोष्ट त्याहून जास्त दिशाभूल करणारी आहे. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत त्या युद्धाने जी वळणं घेतली ती दोन भावांच्या गोष्टीत बसतच नाहीत. ती बसतात ती तिसरा माणूस जमेस धरला की. दक्षिणेच्या अकरा राज्यांत नव्वद लाख लोक होते, त्यांतले सुमारे पस्तीस लाख गुलाम होते. त्यांना वगळून 'दक्षिणेला काय हवं होतं' असं विचारणं म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त दक्षिण आधीच खोडून टाकणं.

राज्यांच्या अधिकारांचं आधी निकालात काढू, कारण त्याला फार वेळ लागत नाही. लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आला आणि २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटलं. फुटण्याची कारणं त्या राज्याने लेखी दिली. त्यात एक तक्रार अशी आहे की उत्तरेची राज्यं स्वतःचे कायदे करून पळून आलेले गुलाम परत करायला टाळाटाळ करतात. म्हणजे उत्तरेची राज्यं आपले अधिकार वापरत होती, आणि केंद्राने ते मोडून काढावेत असा दक्षिणेचा आग्रह होता. मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही. आपलं सगळं अस्तित्व गुलामगिरीशी एकरूप आहे असं जाहीरनाम्याच्या सुरुवातीलाच लिहिलं. फुटलेल्या राज्यांच्या नव्या संघाचा, म्हणजे कॉन्फेडरसीचा, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१ मध्ये सव्हाना शहरात भाषण करताना सांगितलं की निग्रो गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हे सत्य आमच्या सरकारची कोनशिला आहे. ही माणसं लपवत नव्हती. लपवालपवी पुढे, हरल्यानंतर सुरू झाली.

तेव्हा एक बाजू गुलामगिरी टिकवायला लढत होती, हे नक्की. दुसरी बाजू ती संपवायला लढत होती का? सुरुवातीला, नाही. जुलै १८६१ मध्ये अमेरिकी संसदेने ठराव करून सांगितलं की आमचा हेतू कुठल्याही राज्याच्या प्रस्थापित संस्था उलथवण्याचा नाही. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली चार राज्यं उत्तरेच्या बाजूला राहिली होती आणि लिंकनला ती दुखवायची नव्हती. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेने उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफा डागल्या तेव्हा लिंकनने पंच्याहत्तर हजार स्वयंसेवक मागितले, तेही बंड मोडायला. काम काही महिन्यांत उरकेल अशी समजूत होती. जुलैत बुल रनची लढाई बघायला वॉशिंग्टनहून प्रतिष्ठित मंडळी बग्ग्यांतून खाण्याच्या टोपल्या घेऊन गेली होती. संध्याकाळी पळत सुटलेल्या आपल्याच सैनिकांच्या गर्दीत त्यांच्या बग्ग्या अडकल्या.

या युद्धाचा हेतू बदलला तो वॉशिंग्टनमध्ये नव्हे. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर फोर्ट मन्रो नावाचा किल्ला उत्तरेच्या ताब्यात राहिला होता. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम एका होडीतून तिथे पोचले. समोरच्या काठावर दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायच्या कामावर त्यांना जुंपलं होतं, आणि आता आणखी दूर, नॉर्थ कॅरोलिनाला पाठवणार असं कानावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा एक मेजर पांढरं निशाण घेऊन आला. कायदा त्याच्या बाजूने होता. पळालेला गुलाम मालकाला परत करायचा, असा १८५० चा केंद्रीय कायदा अजून रद्द झाला नव्हता.

किल्ल्याचा प्रमुख जनरल बेंजामिन बटलर. हा काही गुलामगिरीविरोधी चळवळीतला माणूस नव्हे. १८६० च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून याने फेरीमागून फेरी जेफरसन डेव्हिसलाच मतं दिली होती, जो आता शत्रूचा राष्ट्राध्यक्ष होता. पण बटलर पेशाने वकील, आणि वकिली डोकं आयत्या वेळी चाललं. तुमच्या व्हर्जिनियाने आपण परका देश झालो असं जाहीर केलंय ना, मग माझ्या देशाचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? यांचा मालक संघराज्याशी निष्ठेची शपथ घेऊ दे, माणसं घेऊन जाऊ दे. नाहीतर हे तिघे म्हणजे शत्रूच्या युद्धकामात वापरला जाणारा माल, आणि असा माल जप्त करायचा मला हक्क आहे. तिघे राहिले. ही माणसं मालमत्ता आहेत हे दक्षिणेचंच म्हणणं बटलरने उचललं आणि दक्षिणेवर उलटवलं. त्याला त्यांना 'मुक्त' म्हणायचंही धाडस झालं नव्हतं.

बातमी कानोकानी पसरली. काही दिवसांत डझनावारी माणसं आली, बायकामुलांसकट आली, म्हातारी आली. आता तोफेचा मोर्चा न बांधलेल्या आजीबाईचं काय करायचं हा प्रश्न वकिलीने सुटणारा नव्हता. ऑगस्टमध्ये संसदेला जप्तीचा कायदा करावा लागला, पुढच्या जुलैत आणखी कडक कायदा. जिथे जिथे उत्तरेचं सैन्य गेलं तिथे हेच झालं. चार वर्षांत पाच लाखांच्या आसपास माणसं मळे सोडून निघून आली. मे १८६२ मध्ये चार्ल्सटनच्या बंदरात रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेल्याचं पाहून 'प्लँटर' ही अख्खी आगबोट पळवली. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घालून, समटरच्या किल्ल्याला शिट्टीने बरोबर इशारा देऊन, आत बायकापोरं बसवून तो पहाटेच्या अंधारात तोफांच्या टप्प्यातून निघून गेला आणि मग पांढरी चादर फडकवली. हाच माणूस पुढे अमेरिकी संसदेत निवडून गेला.

आता रणांगणाचा हिशेब मांडा. दक्षिणेची माणसं कमी, कारखाने कमी, रेल्वे कमी. तरी तिला लढण्याच्या वयाचे बहुतेक गोरे पुरुष सैन्यात पाठवता आले ते मागे शेत पिकवायला, खंदक खणायला, मिठागरात आणि लोखंडाच्या भट्ट्यांत राबायला गुलाम होते म्हणून. मळ्यावरून निघालेला प्रत्येक माणूस दक्षिणेच्या बाकीतून वजा होत होता आणि उत्तरेच्या बाकीत जमा. इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉय यांनी १९३५ साली याला गुलामांचा सार्वत्रिक संप म्हटलं, तेव्हा गोऱ्या इतिहासकारांनी फारसं मनावर घेतलं नाही. मला ते म्हणणं थोडं ताणलेलं वाटतं. लाखो लोक मळ्यांवरच राहिले, त्यांच्यासमोर पर्याय नव्हता. पण दिशा त्यांनीच दाखवली हे खरं.

लिंकनला हा हिशेब दिसत होता. ग्रीलीला ते कोरडं पत्र लिहिलं त्याच्या महिनाभर आधीच त्याने मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. एखाद्या विजयाशिवाय तो काढला तर हताशपणाचं लक्षण दिसेल, म्हणून थांबला होता. १७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमची लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांच्या आसपास ठार, जखमी, बेपत्ता. विजय म्हणावा असं फार काही नव्हतं, पण दक्षिणेचा सेनापती जनरल ली मागे हटला, तेवढं पुरलं. पाच दिवसांनी इशारा निघाला आणि १ जानेवारी १८६३ पासून जाहीरनामा लागू झाला. तो फक्त बंडखोर प्रदेशांना लागू होता, आपल्या बाजूच्या चार राज्यांना नाही. जिथे सत्ता नाही तिथे मुक्ती आणि जिथे सत्ता आहे तिथे गुलामी, असं तेव्हाही टीकाकार म्हणाले. टीका चुकीची नाही, पण तिच्यातून मुख्य गोष्ट निसटते. यापुढे उत्तरेचं सैन्य जिथे पाऊल टाकेल तिथली गुलामी कायद्याने संपणार होती, आणि त्या सैन्यात कृष्णवर्णीय माणूस बंदूक घेऊन उभा राहणार होता.

इथे आपला संबंध येतो, आणि तो अगदी पैशाअडक्याचा आहे. दक्षिणेचा सगळा जुगार कापसावर होता. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून जायचा. तो बंद केला की इंग्लंड धावत आपल्या मदतीला येईल, अशी दक्षिणेच्या पुढाऱ्यांची खात्री होती. इतकी की १८६१ मध्ये उत्तरेची नाकेबंदी अजून ढिली असतानाच त्यांनी आपण होऊन माल अडवून धरला. पण आदल्या हंगामाचं पीक भरघोस आल्याने लँकेशायरची गोदामं भरलेली होती, आणि ती रिकामी होईपर्यंत इंग्रज व्यापाऱ्याने इजिप्त आणि मुंबई गाठली होती. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाडचा आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला म्हणून नाकं मुरडला जाणारा कापूस सोन्याच्या भावाने जायला लागला. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली होती. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, बॅक बेचा समुद्र हटवणाऱ्या कंपन्या, दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे हुंडी. मग एप्रिल १८६५ मध्ये लीने शस्त्रं ठेवली, भाव कोसळले, आणि १ जुलैला वायद्यांची देणी चुकवायची वेळ आली तेव्हा मुंबईतल्या भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. शहराला निदान इमारती मिळाल्या. तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यात सावकाराचे कागद राहिले. १८७५ साली सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी ते कागद जाळले, त्याला वाढीव शेतसाऱ्यासारखी इतर कारणं होतीच. पण कापसाच्या त्या तीन-चार वर्षांची पत त्या कर्जांच्या मुळाशी होती.

ब्रिटन दक्षिणेच्या बाजूने उतरलं नाही, याला कापसाचा हा पर्याय जितका कारण तितकाच जाहीरनामा. गुलामगिरी टिकवणाऱ्यांच्या बाजूने उघडपणे उभं राहणं लंडनच्या सरकारला जड झालं. ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा झाली आणि कापसावाचून बेकार झालेल्या त्या शहराने लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं.

१८६३ च्या जुलैत एका बाजूला गेटिसबर्ग, दुसऱ्या बाजूला मिसिसिपी नदीवरचं व्हिक्सबर्ग. शाळेत पहिलं शिकवतात. मला दुसरं जास्त निर्णायक वाटतं. तिथे उत्तरेच्या जनरल ग्रँटने नदी ताब्यात घेऊन दक्षिणेचे दोन तुकडे केले. गेटिसबर्गबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. पेन्सिल्व्हेनियात शिरलेल्या लीच्या सैन्याने तिथल्या कृष्णवर्णीय माणसांना पकडून दक्षिणेत गुलामीत धाडलं. त्यांत जन्मापासून स्वतंत्र असलेलेही होते. भावाभावांच्या लढाईत या वेचून पकडलेल्या लोकांचं नातं काय लावायचं? त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध दंगल उसळली. तीनशे डॉलर भरणाऱ्या श्रीमंताला भरतीतून सूट होती. राग बरोबर होता, पण काढला तो रस्त्यावरच्या कृष्णवर्णीयांवर. उत्तर पुण्यवान होती असं कुणी समजू नये. सैन्यात घेतलेल्या सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीयांना ती गोऱ्या शिपायाच्या तेरा डॉलरऐवजी दहा डॉलर देत होती, त्यातूनही कपड्यांचे तीन कापून. १८६४ च्या जूनपर्यंत हा प्रकार चालला. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने तो कमी पगार घ्यायलाच नकार दिला आणि बिनपगारी लढली.

ऑगस्ट १८६४ मध्ये लिंकनला आपण निवडणूक हरणार असं वाटत होतं. ग्रँट पीटर्सबर्गच्या वेढ्यात अडकला होता, प्रेतांच्या गाड्या उत्तरेत येत होत्या, आणि त्याच्याच पक्षातले लोक सांगत होते की मुक्तीची अट सोडा, दक्षिण वाटाघाटीला येईल. दोन वर्षांपूर्वीच्या पत्रानुसार त्याने ती सोडायला हवी होती. त्याने सोडली नाही. हे कृष्णवर्णीय सैनिक गेले तर तीन आठवड्यांत युद्ध आटोपावं लागेल, असं त्याने भेटायला आलेल्यांना सांगितलं. आणि आपल्यासाठी लढलेल्यांना पुन्हा मालकाच्या हाती दिलं तर इहलोकी-परलोकी धिक्कार होईल, असंही. हिशेब आणि लाज, दोन्ही. २ सप्टेंबरला उत्तरेच्या जनरल शर्मनने दक्षिणेचं अटलांटा शहर घेतलं आणि निवडणूक फिरली. तिकडे मार्च १८६५ मध्ये दक्षिणेच्या संसदेने शेवटचा उपाय म्हणून गुलामांच्या हाती बंदुका द्यायला मंजुरी दिली. जॉर्जियाच्या हॉवेल कॉब याने आधीच बजावलं होतं की गुलाम चांगले सैनिक ठरले तर गुलामगिरीचा आपला सगळा सिद्धांतच चुकीचा ठरेल. त्याला आपल्या बाजूचं मर्म नीट कळलं होतं.

९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला ली शरण आला. ग्रँटने अटी उदार ठेवल्या: शस्त्रं ठेवा, घरी जा, नांगरणीसाठी घोडे घेऊन जा. सहा लाखांहून जास्त माणसं मेल्यावर हे औदार्य मला योग्यच वाटतं. फाशीचे खांब उभारले असते तर देश सांधला नसता. जेफरसन डेव्हिस दोन वर्षं कैदेत राहिला आणि खटल्याशिवाय सुटला, याचंही मला वाईट वाटत नाही. घोडं पेंड खातं ते पुढे. मालकाला घोडा परत मिळाला, राबणाऱ्याला काय? जानेवारी १८६५ मध्ये शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी वाटायचा हुकूम काढला होता. लिंकनच्या खुनानंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी त्या जमिनी जुन्या मालकांना परत देववल्या. घटनादुरुस्त्या झाल्या, गुलामगिरी गेली, नागरिकत्व आलं, मताधिकार आला. १८७० मध्ये डेव्हिसच्याच मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा कृष्णवर्णीय सिनेटवर गेला. पण मताला संरक्षण द्यायला सैन्य लागत होतं, आणि उत्तर कंटाळली होती. १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी कृष्णवर्णीयांचं हत्याकांड झालं, १८७७ मध्ये अध्यक्षपदाच्या सौद्यात दक्षिणेवरचा हात काढून घेतला गेला, १८९० मध्ये मिसिसिपीने नवं संविधान करून कृष्णवर्णीयांची मतं जवळजवळ पुसली. भाऊ भाऊ एक झाले, ते तिसऱ्याच्या खर्चाने.

दोन भावांची गोष्ट लिहिली गेली ती इथे. जुलै १९१३ मध्ये गेटिसबर्गला लढाईचा पन्नासावा वर्धापनदिन झाला. दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांवर म्हातारे सैनिक जमले, एकेकाळी जीव घेतला त्या भिंतीपलीकडे हात पुढे करून हस्तांदोलन केलं. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन म्हणाला, भांडण विसरलं गेलं, शौर्य लक्षात राहिलं. कशावरून भांडण होतं, याला भाषणात जागा नव्हती. त्याच वर्षी त्याच्या सरकारने वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली. आणि त्याच जुलैत डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला पोचले, जिथे विल्यम डनिंग हे प्राध्यापक कृष्णवर्णीयांना मत देणं ही कशी चूक होती याचा इतिहास शिकवत होते.

त्याच्या चाळीस वर्षं आधी, १८७३ मध्ये, पुण्यातून जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थी वृत्तीबद्दल. निःस्वार्थी हा शब्द उत्तरेला जरा जास्तच होतो, हे वर आलंच. पण अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जे सांगायला तयार नव्हता ते फुल्यांना पुण्यात बसून नेमकं दिसलं होतं: लढाई कुणाच्या मानगुटीवरच्या जोखडाची होती. पायाखालून वर बघणाऱ्याला ती दोन भावांची भांडाभांडी वाटायचं कारणच नव्हतं.

हा सगळा जुना कोळसा उगाळायचा कशाला, असं कुणी विचारेल. तो तिथे अजून विझलेला नाही म्हणून. रिचमंडमधला लीचा पुतळा १८९० मध्ये बसवला होता, म्हणजे मिसिसिपीत मतं पुसली त्याच साली. तो २०२१ मध्ये उतरला. उत्तर कॅरोलिनातला फोर्ट ब्रॅग हा प्रचंड लष्करी तळ ब्रॅक्स्टन ब्रॅग या दक्षिणेच्या सेनापतीच्या नावाने होता. तोही असा सेनापती की ज्याच्यावर त्याचेच अधिकारी वैतागलेले. आपल्याच देशाविरुद्ध लढून हरलेल्या माणसाचं नाव लष्करी तळाला का, हा साधा प्रश्न विचारायला शंभर वर्षं लागली, आणि २०२३ मध्ये ते बदललं. कॉन्फेडरेट सेनापतींची नावं परत द्यायला कायद्याने बंदी होती. म्हणून २०२५ मध्ये सरकारने दुसऱ्या महायुद्धात लढलेला ब्रॅग याच आडनावाचा एक शिपाई शोधून काढला आणि पाटी पुन्हा 'फोर्ट ब्रॅग' केली. त्या शिपायाच्या शौर्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. फक्त त्याची निवड आडनावावरून झाली, हे तिथल्या कुणालाच सांगावं लागलं नाही.